रिफंडचा आकडा आधी स्वतः काढा

"टीडीएस कापलाय ना, मग तेवढा परत येणारच," असं छातीठोक सांगणारा नाशिकच्या सातपूर-अंबड एमआयडीसीतल्या प्रत्येक कँटीनमध्ये भेटतो. त्याचं ऐकू नका. टीडीएस म्हणजे पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर. आधी वर्षाच्या एकूण उत्पन्नावरचा कर काढायचा, मग आधीच भरलेल्या करातून तो वजा करायचा. उरलं तर रिफंड, कमी पडलं तर खिशातून भरा.

फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगार आणि टीडीएसचा दाखला), २६एएस (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा तक्ता) आणि एआयएस (तुमच्या उत्पन्न-व्यवहारांची आयकर खात्याकडची यादी) समोर घ्या. नव्या करप्रणालीत पगारातून ७५,००० रुपये प्रमाणित वजावट. इथवर सोपं आहे.

गोची होते मुदत ठेवीत. माझी ठेव पाच वर्षांची, व्याज शेवटी एकरकमी. म्हणून ते शेवटच्याच वर्षी दाखवायचं असं मी ठरवून टाकलं. बँक मात्र दरवर्षी साचलेल्या व्याजावर टीडीएस कापत होती आणि मी तो दरवर्षी मागत होतो! टीडीएस मागितला पण उत्पन्न दाखवलं नाही, असाच त्याचा अर्थ. नोटीस आली तेव्हा झोप उडाली. ज्या वर्षीचा टीडीएस मागाल, त्या वर्षीचं व्याज त्याच वर्षी धरा, हातात आलेलं असो वा नसो.

ही चूक केवढ्याला पडते बघा. २०२५-२६ सालात वजावटीनंतर पगार ११,८०,०००. बारा लाखांच्या आत, म्हणून सवलतीमुळे कर शून्य. ठेवीच्या ६०,००० व्याजावर १० टक्क्यांनी कापलेले ६,००० परत येणार म्हणून माणूस खूश. पण व्याज मिळवलं की उत्पन्न १२,४०,०००. स्लॅबप्रमाणे कर ६६,००० होतो. सीमांत सवलतीमुळे तो बारा लाखांवरच्या रकमेइतका, म्हणजे ४०,००० वर थांबतो. त्यावर ४ टक्के उपकर धरून ४१,६००. टीडीएस वजा जाता ३५,६०० भरायचे, वर उशिराचं व्याज वेगळं. "बँकेने कापलाय म्हणजे मिटलं" म्हणणाऱ्यांनी हा हिशोब दोनदा वाचावा.

विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत ई-पडताळणी करा, म्हणजे ते आपणच भरलंय याची ऑनलाइन खात्री द्या. उशिरा केली तर पडताळणीची तारीखच भरल्याची तारीख धरतात, केलीच नाही तर ते भरलंच नाही असं धरतात. रिफंड अडकला म्हणून गडकरी चौकातल्या आयकर कार्यालयात लगेच खेटे घालू नका. प्रक्रिया बेंगळुरूच्या केंद्रात होते.

हिशोबापेक्षा थोडे जास्त आले, तर ते बहुधा सरकारने दिलेलं व्याज. दरमहा अर्धा टक्का, मुदतीत भरलं असेल तर १ एप्रिलपासून. रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर मात्र काही नाही. हे व्याजही करपात्र आहे, ज्या वर्षी मिळालं त्या वर्षी दाखवायचं.