शेतात जुनी हत्यारं, खापरं शोधताय? मग या चुका टाळा

नाशिकच्या आसपास शेतात अश्मयुगाच्या खुणा मिळतात हे काही नवीन नाही. गंगापूरजवळ गोदावरीच्या गोट्यांच्या थरात पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांना दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या आणि नाशकातच जुन्या मातीच्या गढीवर 1950-51 ला रीतसर उत्खनन झालंय. त्यामुळे हल्ली बरीच पोरं सुट्टीच्या दिवशी शेतं पालथी घालतात, आणि ते मला मनापासून आवडतं. पण काही चुका अशा होतात की चांगली जागा कायमची वाया जाते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे माती कुठली हे न विचारणं. माझ्याकडून झालेली आहे म्हणून सांगतो. एका द्राक्षबागेच्या कडेला एका सकाळी कॅल्सेडनीची (गारेसारखा चिवट, गुळगुळीत दगड) बारीक पाती मिळाली, अकरा मिळाली, बोटाच्या पेरापेक्षा लहान, दोन्ही कडा धारदार. मी दोन दिवस तिथं दोऱ्या लावून मोजमाप घेत बसलो, आणि तिसऱ्या दिवशी मालकीणबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, ही माती आमची नाही ना, मागच्या उन्हाळ्यात धरणातला गाळ टाकलाय." झालं, म्हणजे पाती खरी होती पण त्या शेताची नव्हती. गाळ, मुरूम, आणि जुन्या गावठाणातली पांढरी माती (ती तर लोक पूर्वीपासून खत म्हणून शेतात टाकत आलेत), यातलं काहीही टाकलेलं असेल तर वर दिसणारी खापरं दुसऱ्याच ठिकाणची असू शकतात. म्हणून चालायला लागायच्या आधी बांधावर बसून विचारा, सपाटीकरण कधी झालं, जेसीबी कुठून कुठपर्यंत फिरला, विहिरीची माती कुठं पसरली. अर्धा तास जातो, पण पुढचे चार दिवस वाचतात.

दुसरं, फुटलेला प्रत्येक दगड हत्यार नसतो. आपला काळा दगड ऊनपावसानं कांद्यासारखे पापुद्रे सोडतो, नांगराच्या फाळानं पण टवके उडतात, आणि क्रशरची खडी तर हमखास फसवते कारण तिच्यावर पण आघाताचा फुगवटा (घाव बसतो तिथं टवक्याला येणारा उंचवटा) दिसतो. एक टवका निघालाय म्हणून काही ठरवू नका. एकाच कडेनं ओळीनं टवके काढलेत का, दोन्ही बाजूंनी काढलेत का, ते बघा, आणि फाळाचा ताजा घाव रंगानं वेगळा कळतो. खापरांचं पण तसंच, घराच्या कौलाचे तुकडे लाल असतात म्हणून ते जोर्वे (ताम्रपाषाण काळातली रंगवलेली भांडी) होत नाही. जोर्वेचं खापर पातळ, चांगलं भाजलेलं, वाजवलं तर टणटण करतं, आणि लाल अंगावर काळ्या रेघा असतात. त्या रेघा घासू नका प्लीज, ब्रश तर अजिबात नको.

काळ्या मातीबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, हात कोपरापर्यंत आत जातो, आणि वरची वस्तू त्या भेगेतून खाली जाते, पावसात माती फुगते आणि सगळं पुन्हा हलतं. त्यामुळे खोलवर मिळालं म्हणजे जुनंच, असं इथं चालत नाही. बघायला सगळ्यात चांगली वेळ म्हणजे नांगरट होऊन एकदोन पाऊस पडून गेल्यावर, धूळ धुतली जाते आणि पाती चमकतात.

जे दिसलं ते खिशात टाकून घरी आणणं हे तर सगळ्यात वाईट. वस्तू जिथं आहे तिथंच फोटो, मोबाईलवर जीपीएस, मग पिशवी, आणि पिशवीत पेन्सिलनं लिहिलेली चिठ्ठी (पेनाची शाई ओल लागली की पसरते). शेतात ओळीनं चालताना ज्या ओळीत काही मिळालं नाही ती पण लिहा, कारण कुठं काही नाही हे कळल्याशिवाय कुठं दाट आहे ते कळत नाही. 1974 ला नगर जिल्ह्यातल्या दायमाबादला शेतात झाडाची मुळं खणताना एका गावकऱ्याला काशाचा रथ, हत्ती, गेंडा, म्हैस मिळाले, साठ किलोवर वजन, पण ते शास्त्रीय उत्खननात थरासकट मिळालेले नव्हते म्हणून त्यांच्या काळावर अजून वाद आहे. इतकी अप्रतिम वस्तू, आणि हा प्रश्न सुटत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

कोळसा दिसला तर त्याला हात लावू नका, आहे तसा सोडा. उत्खननातला कोळसा स्वच्छ अवजारानं उचलून ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ठेवतात. आणि कार्बन डेटिंगनं हातकुऱ्हाडीचा काळ निघेल ही आशा पण नको, ती पद्धत साधारण 50,000 वर्षांपर्यंतच चालते आणि दगडाला तर लागूच होत नाही.

शेवटचं खणण्याबद्दल. परवानगीशिवाय एक फूटसुद्धा खड्डा नको, मालक हो म्हणाला तरी नको. वरून दाट खापरं, राखेची माती, चुलीसारखी भाजलेली जमीन दिसली की थांबा आणि नोंदी घेऊन पुरातत्त्व खात्याकडे जा. नाणी किंवा दागिने निघाले तर 1878 चा निखात निधीचा (जमिनीत पुरलेल्या धनाचा) कायदा लागतो, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं असेल तर कलेक्टरला कळवावं लागतं. शेतमालकाला हे आधीच नीट समजावून सांगा, त्याला जमीन जाईल अशी भीती वाटते आणि मग तो रात्रीतून रोटाव्हेटर फिरवून मोकळा होतो.