मत्स्य अनुदानांचा करार वाचताना काय पाहावे

मासेमारीवरील आंतरराष्ट्रीय कराराची उद्दिष्टे सहसा निर्विवाद असतात. खरी ओढाताण व्याख्या, अपवाद आणि मुदती यांवर होते, त्यामुळे वाचनही तेथूनच सुरू करावे. जागतिक व्यापार संघटनेने १७ जून २०२२ रोजी जिनिव्हात स्वीकारलेला मत्स्य अनुदानविषयक करार या सरावासाठी उत्तम आहे.

प्रथम निर्णय कोणाच्या हाती आहे, हे शोधावे. अतिमासेमारीने घटलेल्या मत्स्यसाठ्यांसाठी अनुदान देण्यास या कराराने मनाई केली आहे. मात्र साठा घटला आहे की नाही, हे उपलब्ध उत्तम वैज्ञानिक पुराव्याच्या आधारे संबंधित किनारी देश किंवा प्रादेशिक मत्स्यव्यवस्थापन संस्था ठरवते. म्हणजे ज्या देशाने आपल्या साठ्यांचे मूल्यमापनच केलेले नाही, त्याच्या पाण्यात हे कलम बहुतांशी निष्प्रभ राहते, आणि माझ्या मते कराराची सर्वांत मोठी फट हीच आहे. बेकायदेशीर मासेमारीच्या बाबतीतही दोष सिद्ध झाल्यावर अनुदानबंदी किती काळ ठेवायची, हे अनुदान देणारा देशच ठरवतो. फक्त ती मुदत मूळ शिक्षेपेक्षा कमी असू शकत नाही.

नंतर कलम कोणत्या पाण्याला लागू होते, ते पाहावे. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात विकसनशील देशांना दोन वर्षांची सवलत आहे. त्यापलीकडे, जेथे कोणत्याही प्रादेशिक संस्थेचा अंमल नाही, तेथे अनुदानाला बंदी आहे.

पुढील टप्प्याचे, म्हणजे अतिरिक्त मासेमारी क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचे, मसुदे वाचताना चौकटी कंसांवर लक्ष ठेवावे, कारण कंसातील मजकुरावर एकमत झालेले नसते. निर्णय सर्वसंमतीने होत असल्याने थोड्या सदस्यांचा विरोधही पुरेसा ठरतो, आणि २०२४ मध्ये अबुधाबीच्या मंत्रिस्तरीय परिषदेत हा टप्पा अडलाच. विकसनशील देशांना भारताने मागितलेली २५ वर्षांची संक्रमणमुदत, म्हणजे नियम पूर्णपणे लागू होण्यापूर्वीचा सवलतीचा काळ, वादाच्या प्रमुख मुद्द्यांपैकी होती. ही मागणी वाजवी की अवाजवी, याचा निकाल लावण्यापूर्वी किनाऱ्यावरील लहान होड्या आणि दूरच्या समुद्रात जाणारे औद्योगिक ताफे यांना मसुदा एकाच मापाने मोजतो का, हे तपासावे.

शेवटी समाप्तीचे कलम अवश्य वाचावे. करार १५ सप्टेंबर २०२५ रोजी अमलात आला असून त्यानंतर चार वर्षांत सर्वंकष नियम, म्हणजे वरचा अडलेला टप्पा, स्वीकारले गेले नाहीत, तर संघटनेच्या सर्वसाधारण परिषदेने वेगळा निर्णय घेतल्याखेरीज तो आपोआप संपुष्टात येईल.