चेहऱ्यावरचे घरगुती लेप: या चुका टाळा

‘झोंबतंय म्हणजे गुण येतोय’ हा समज आधी डोक्यातून काढा. झोंबलं की लेप धुऊन टाकायचा, वीस मिनिटं पूर्ण व्हायची वाट बघायची नाही.

सगळ्यात जास्त घोळ लिंबाचा. चेहऱ्याच्या त्वचेचा सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) साधारण ५, लिंबाच्या रसाचा २ ते २.५. सामू एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, म्हणजे हा फरक काहीशे पटींचा. त्यात लिंबाच्या सालीतली काही द्रव्यं ऊन लागलं की त्वचा भाजल्यासारखी करतात. लालसरपणा, फोड आणि मग महिनोन्‌महिने न जाणारा काळपट डाग. आपल्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर कुठलीही जळजळ असा डाग मागे ठेवू शकते, आणि लिंबू लावलेलं असतं ते नेमकं डाग घालवायला! खाण्याचा सोडा दुसऱ्या टोकाचा, सामू ८ च्या वर. तोही नको.

चेहऱ्याला पीठ चोळण्यासाठी उटण्याचा दाखला हमखास दिला जातो. पण दिवाळीत आधी अंगाला तेल लागतं, मग उटणं, तेही वर्षातून मोजके दिवस. कोरड्या चेहऱ्यावर रोज डाळीचं पीठ खसाखसा घासणं हा प्रकार वेगळा. मुलतानी मातीही पार तडकेपर्यंत ठेवू नका.

हळदीची ॲलर्जी असू शकते, अगदी शुद्ध हळदीचीसुद्धा. शिवाय सुट्या हळदीत रंगाची भेसळ सापडते. कोरफडीचं पान कापल्यावर उभं ठेवून पिवळा चीक निथळू द्या, गर धुऊन घ्या. खाज सुटते ती बहुधा त्या चिकाने.

कोणताही लेप आधी कोपराच्या आतल्या बाजूला, सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर लावून पाहा. ॲलर्जी पुष्कळदा एक-दोन दिवसांनी उमटते, त्यामुळे दहा मिनिटांच्या चाचणीला अर्थ नाही. उरलेला लेप फ्रीजमध्ये साठवू नका, त्यात जंतू वाढतात.

चेहरा लाल झालाच तर साध्या गार पाण्याने भरपूर धुवा. उतारा म्हणून दही, टूथपेस्ट, बर्फ काही नको. साधं पेट्रोलियम जेली लावा, उन्हात जाऊ नका. फोड आले, डोळे सुजले किंवा दोन दिवसांत उतार पडला नाही तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. श्वास लागला तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि काय काय लावलं ते सगळं सांगा, मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली गोरेपणाची ट्यूबसुद्धा.