झेरॉक्समध्ये बाह्यरेषा आणि मापरेषा सारख्याच दिसत होत्या: माझा अनुभव

इंजिनीअरिंग ड्रॉइंगच्या मूळ शीटवर बाह्यरेषा (वस्तूच्या कडा) आणि मापरेषा (मापं दाखवणाऱ्या) यांतला फरक कळायचा, झेरॉक्समध्ये सगळं एकसारखं. सगळीकडे मेकॅनिकल पेन्सिलचं ०.५ मिमी जाडीचं लेड. मापांना २एच (कडक, फिकट ग्रेड), बाह्यरेषांना एचबी (मध्यम). जोर देऊन पाहिला, कागदावर खाच पडली. २बी (मऊ, काळं) घेतलं, तर सोलापूरच्या मे महिन्यातल्या घामाने सगळं फासलं. तीन शीट वाया गेल्या.

चूक अशी की ग्रेडने काळेपणा बदलतो, जाडी नाही. जाड आणि बारीक रेषेचं प्रमाण किमान २:१ हवं, ०.५ आणि ०.३ मध्ये ते भरत नाही, ०.७ आणि ०.३ मध्ये भरतं.

आता क्रम असा: आधी ०.३, २एच ने सगळी रचना, म्हणजे कच्च्या मदतरेषा, अगदी हलक्या हाताने. मग ०.७, एचबी ने बाह्यरेषा. वर्तुळं-कंस आधी, सरळ रेषा नंतर, वरून खाली. कंपासवर जोर देता येत नाही, म्हणून त्यात एक ग्रेड मऊ, म्हणजे बी. शेवटी ०.३, एच ने मध्यरेषा आणि मापं.

०.३ सारखं तुटत असेल तर पेन्सिल जवळजवळ उभी धरा, लेड अर्धा मिलिमीटरच बाहेर ठेवा. हाताखाली कोरा कागद हवाच, रुमाल सरकतो.