‘कधीतरी’चं इंग्रजी: या चुका टाळा

निरोप घेताना आपण सहज म्हणतो, ‘येईन कधीतरी.’ याचं इंग्रजीत ‘आय विल कम समटाइम्स’ झालं की ऐकणारा दचकतो, कारण त्याला ऐकू येतं, ‘मी अधूनमधून येत राहीन.’ सगळा घोळ शेवटच्या ‘स’चा. ‘समटाइम्स’ म्हणजे कधीकधी, एकाहून जास्त वेळा. ‘समटाइम’ म्हणजे कधीतरी, पुढेमागे एकदा. आणि ‘सम’ व ‘टाइम’ तोडून लिहिले तर काही वेळ: ‘आय नीड सम टाइम’.

आधी मराठीत विचारून बघा, कधीकधी की कधीतरी? बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. फक्त ‘च’ जोडलेला असला तर सावध. ‘मी चहा कधीतरीच पितो’ यातला ‘कधीतरीच’ पुढच्या काळाचा नाही, सवयीचा आहे. तिथे ‘समटाइम’ चालत नाही. ‘ओन्ली ऑकेजनली’ म्हणा.

सगळ्यात महाग पडणारी चूक मात्र नकाराची. ‘सेल्डम’, ‘रेअरली’, ‘हार्डली एव्हर’ या शब्दांच्या पोटातच ‘नाही’ आहे. आपल्या ‘सहसा’चं तसं नाही. ‘तो सहसा उशिरा येत नाही’ असं म्हणताना ‘नाही’ वेगळा लावावा लागतो, आणि तीच सवय इंग्रजीत शिरून ‘ही रेअरली डझन्ट कम लेट’ होतं. याचा अर्थ, तो उशिरा आला नाही असं क्वचितच घडतं! शिफारसपत्रात असं लिहिलंत तर बिचाऱ्याची नोकरी गेलीच. बरोबर वाक्य: ‘ही रेअरली कम्स लेट.’ यावर माझा उपाय साधा आहे. मनातलं ‘सहसा’ काढून तिथे ‘क्वचितच’ ठेवा. ‘तो क्वचितच उशिरा येतो’ यात ‘नाही’ नाहीच, म्हणून तो इंग्रजीतही येत नाही.

हा लपलेला नकार आणखी दोन ठिकाणी डोकं वर काढतो. शेपटीच्या प्रश्नात: ‘ही सेल्डम कॉल्स, डझ ही?’ इथे ‘डझन्ट ही’ नको. आणि वाक्याची सुरुवात या शब्दाने केली तर क्रियापदाची उलटापालट होते: ‘सेल्डम हॅव आय सीन सच रेन.’ अर्थात गप्पा मारताना असं कोणी बोलत नाही. ‘सेल्डम’ तसाही पुस्तकी. बोलण्यात ‘नॉट व्हेरी ऑफन’ जास्त शोभतं. ‘सेल्डम ऑर एव्हर’ हेही चूक. ‘सेल्डम ऑर नेव्हर’ किंवा ‘सेल्डम इफ एव्हर’ म्हणायचं.

‘हार्ड’ला ‘ली’ जोडून मेहनत दाखवायला जाऊ नका. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो कामच करत नाही. मेहनती माणूस ‘वर्क्स हार्ड’.

जागेचा नियम छोटा आहे. एका शब्दाचं क्रियाविशेषण मुख्य क्रियापदाच्या आधी (‘शी रेअरली कुक्स’), पण ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ यांच्या नंतर (‘शी इज रेअरली लेट’). ‘वन्स इन अ व्हाइल’सारखं लांबलचक प्रकरण मधे कोंबू नका, सुरुवातीला किंवा शेवटी ठेवा. आणि ‘मी कधीकधी जात असतो’ यातल्या ‘असतो’ला फसून ‘आय ॲम समटाइम्स गोइंग’ म्हणू नका. सवय सांगायला ‘आय समटाइम्स गो’ पुरतं.

ऑफिसच्या मेलमध्ये ‘वी विल अपडेट यू टाइम टू टाइम’ हमखास दिसतं. त्यातला ‘फ्रॉम’ कुठे गळतो कोण जाणे! ‘फ्रॉम टाइम टू टाइम’ असंच लिहायचं. ‘ऑन ऑकेजन’ म्हणजे अधूनमधून, तर पत्रिकेतलं ‘ऑन द ऑकेजन ऑफ’ म्हणजे निमित्ताने. दोन्हींची गल्लत नको. ‘ऑकेजनली’च्या स्पेलिंगमध्ये दोन सी, एक एस आणि दोन एल.

राहिला ‘वन्स इन अ ब्लू मून’. एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये तशी आली होती. साधारण दोन-तीन वर्षांतून एकदा हा योग येतो. म्हणजे हा वाक्प्रचार आपल्या ‘सटीसामाशी’च्या किंवा उंबराच्या फुलाच्या जातीचा. दर महिन्याला हॉटेलात जेवणाऱ्याने तो वापरू नये. त्याच्यासाठी ‘वन्स अ मंथ’ आहे.