घरच्या घरी शोपाव: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

फिलिपिन्समध्ये मधल्या वेळच्या खाण्याला, म्हणजे मेरिएंदाला, शोपाव आवडीने खातात. चिनी स्थलांतरितांबरोबर तिथे पोचलेला हा वाफवलेला पाव. त्यात दोन सारणं मुख्य: आसादो, म्हणजे सोया सॉस आणि साखरेत शिजवलेलं मांस, आणि बोला-बोला. बोला-बोलात कच्च्या खिम्याचा गोळा आणि खारवलेल्या अंड्याची फोड असते, तो पावाच्या आत पूर्ण शिजावा लागतो. म्हणून सुरुवात आसादोने करावी. त्याचं सारण आधीच शिजलेलं असतं.

सारण आदल्या दिवशीच करा. डुकराच्या खांद्याचं अर्धा किलो मांस मोठे तुकडे करून कांदा-लसणावर परता. ६० मिली सोया सॉस, ५० ग्रॅम साखर, दोन चक्रीफुलं आणि दोन कप पाणी घालून मंद आचेवर सव्वा तास शिजवा. मांस काट्याने सहज सुटलं पाहिजे. ते बाहेर काढून तंतू करा. अर्धा रस सॉससाठी बाजूला ठेवा, उरलेल्यात दीड चमचा कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून घाला आणि मांस परत टाकून घट्ट करा. गार झाल्यावर चमच्यातून पडता कामा नये. पातळ किंवा कोमट सारण भरलं की पारीचा तळ भिजतो आणि पाव खालून गिच्च राहतो. नवशिक्यांचे सगळ्यात जास्त पाव इथेच बिघडतात. डुक्कर खात नसाल तर कोंबडीची तंगडी घ्या, चाळीस मिनिटं पुरतात.

पिठासाठी ५०० ग्रॅम मैदा, ८० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, पाव चमचा मीठ, ४० ग्रॅम तेल किंवा चरबी आणि साधारण २५० मिली कोमट दूध. दहा मिनिटं मळा, दुप्पट होईपर्यंत झाका. मग एक चमचा बेकिंग पावडर चाळून पुन्हा मळा. चाळायचा कंटाळा केला तर पावावर पिवळे ठिपके उठतात.

७० ग्रॅमचे बारा उंडे करा. पारी मोदकासारखी, मध्ये जाड आणि कडेला पातळ. ३० ते ३५ ग्रॅम सारण भरून चुण्या घट्ट मिटा. कडेला रस लागला तर तोंड चिकटत नाही. प्रत्येक पाव बटर पेपरच्या चौकोनावर ठेवून वीस-तीस मिनिटं फुगू द्या. बोटाने हलकं दाबल्यावर खळगा सावकाश भरला की तयार. त्यापुढे ठेवलेला पाव वाफेत फुगतो खरा, पण बाहेर काढताच सुरकुततो.

मोदकपात्र चालतं, फक्त पावांमध्ये दोन बोटं जागा सोडा. झाकणाला फडकं बांधा, नाहीतर थेंब पडून वरचं पापुद्र्यासारखं आवरण चिकट होतं आणि डाग पडतात. फिलिपिनो घरांत पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालतात, पाव पांढरा राहावा म्हणून. मध्यम आचेवर १५ मिनिटं, बोला-बोला असेल तर २० ते २५. खळखळत्या आचेवर पाव फाटतात. गॅस बंद केल्यावर झाकण किंचित तिरपं करून पाच मिनिटं थांबा. एकदम उघडलं की गार हवेने पाव बसतो.

राखलेल्या रसात एक चमचा कॉर्नफ्लोअर कालवून उकळा, हा वरून घ्यायचा सॉस. उरलेले पाव गार करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि न वितळवता १२ मिनिटं वाफवा.