फ्लेक्सी-बार थरथरतच नाही? ढकलणं कमी करा

खांद्याच्या व्यायामासाठी फ्लेक्सी-बार आणला, पण तो नीट कंप पावत नाही आणि दोन मिनिटांत दंडच भरून येतो. बहुतेकांची चूक एकच असते: अख्खा हात हलवतात. ही सुमारे दीड मीटरची लवचिक काठी जोराने नव्हे, तालाने चालते. झोपाळ्याला नेमक्या वेळी पाय मारतो, तसंच.

१. पाय खांद्यांइतके फाकवून उभे राहा, गुडघे किंचित सैल ठेवा. तोल जात असेल तर खुर्चीत ताठ बसून करा.

२. मधली मूठ दोन्ही हातांनी छातीसमोर धरा. कोपर थोडं वाकलेलं, मनगट सरळ, खांदे कानांपासून खाली.

३. दोन-तीन सेंटीमीटरच पुढे-मागे ढकला. टोकं परत येऊ लागली की पुढचा हलका धक्का द्या. साधारण सेकंदाला चार-पाच हेलकावे बसले की काठी घुमू लागते. ताल चुकला तर जोर वाढवू नका, थांबून पुन्हा सुरुवात करा.

४. १५ सेकंद करा, ३० सेकंद थांबा. असं तीनदा. श्वास रोखू नका (सगळेच रोखतात!).

एका हाताने करण्याची घाई नको, ते बरंच जड जातं. आणि हो, आधी टीव्ही वगैरे काठीच्या टप्प्यात येत नाही ना, ते बघून घ्या.

खांद्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा खांदा निखळलेला असेल, तर फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय काठी हातात घेऊ नका. करताना कळ आली तर तिथेच थांबा.